नदीतर्फे मन्मथ अप्पा

आमच्या मन्मथ अप्पाला ग्रामसभेत दोन खुर्च्या लागतात. एकीवर बसून तो नदीतर्फे बोलतो. "तुमी माझ्या अंगावर भिंती घातल्या. पावसाळ्यात म्या पसरायचं कुठं?" मग उठतो, दुसरीवर बसतो, धोतर सावरतो आन् काठावरच्या घरांतर्फे उत्तर देतो. "आमी काय हवेत ऱ्हायचं? आन् उन्हाळ्यात तर तुला शोधाय लागतं!" दोन्हीकडून चिडतो. एकदा स्वतःलाच म्हणला, "तुमी खाली बसा, मला बोलू द्या."

लोकं हसतात. मला वाटायचं, याला बायको असती तर दुसरी खुर्ची लागली नसती.

तेर गावात तेरणा नदीच्या काठाला आमची दोघांची घरं, मधी बाभळीचं कुंपण. माझी बायको शेवंता रोज कुंपणावरून त्याला भाकरी द्यायची. इतक्या वर्सांत त्यानं एकदाबी चांगली झाली म्हणलं न्हाय. काठावर बसून खायचा आन् मला हटकायचा.

"तात्या, नदी म्हणती, म्हस धुवा, पर साबण नको."

"तिला म्हणावं, तोंडानं सांग."

"म्हणून तर मला ठेवलंय तिनं."

औंदा शेवंता गेली. तिचा महिना झाला न्हाय तवर सरकारी साहेब नकाशा घेऊन ग्रामसभेत आले. काठ मोकळा ठेवायचा, झाडं लावायची, पुराच्या पाण्याला वाट द्यायची. वाटेत येईल त्याला माळावर जागा. वाट एकतर माझ्या घरातून, नायतर अप्पाच्या.

म्या सरळ सांगितलं, "माझी बायको चुलीपुढं गेली. ती चूल मी सोडत न्हाय. माझ्यावरून मशीन घाला."

"बाबा, नियम आहे," साहेब म्हणले.

अप्पा पहिल्या खुर्चीवर बसला. "नदीचं म्हणणं असं हाय, की तिला मन्मथ अप्पाच्या घरातली वाट बरी पडती. उतार तिकडं हाय."

उतार दोन्हीकडं सारखा होता. मला ठावं होतं.

"आता घरातर्फे बोला," साहेब म्हणले.

अप्पानं दुसऱ्या खुर्चीकडं बघितलं. "त्या बाजूचा माणूस आज आला न्हाय. लिहा तसं."

आता तो माळावर पत्र्याच्या घरात ऱ्हातो. तिथनं नदी दिसत न्हाय. दारापुढं दोन खुर्च्या मांडतो आन् गप बसतो.

मी दुपारी भाकरी घेऊन जातो. मला थापाय येत न्हाय. एका अंगाला करपती, दुसऱ्या अंगाला कच्ची. पहिल्या दिवशी गेलो आन् दुसऱ्या खुर्चीवर बसलो.

"तात्या, तुमी कुणातर्फे?"

"शेवंतातर्फे."

त्यानं भाकरी मोडली. लई वेळ चावली.

"चांगली झालीय," म्हणला.