घाटाची काठी चिमाईस मिळाली ती हकीकत

श्रीकुलस्वामिनीस दंडवत घालून, आणि ज्या वडीलधाऱ्या बायांनी हे सर्व डोळ्यांनी पाहिले त्यांचे स्मरण करून, जैसे घडले तैसे लिहिले असे. शके सतराशे पंच्याण्णव, श्रीमुखनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या एका राज्यात तुळाजी वाटाड्या मृत्यू पावला. त्या राज्यास एकच घाट, आणि घाटात धुके ऐसे पडे की घोड्यास स्वतःचे कान दिसू नयेत. म्हणोन राजाची स्वारी निघाली म्हणजे पुढे वाटाड्या काठी आपटीत चाले, आणि मागे महाराजांपासून भालदारापर्यंत सगळे मुकाट्याने त्याच्या काठीचा आवाज ऐकीत चालत. वाटाड्याच्या घराची रीत ऐसी की मुलगा सात वर्षांचा जाहला म्हणजे डोळ्यांस फडके बांधून त्यास भर रानात नेऊन सोडावे, आणि त्याने फडके काढून आपल्या पायांनी घर गाठावे. तुळाजीस मुलगा नव्हता, एकुलती चिमाई होती. तेव्हा त्याने बायकोपासून चोरून मुलीसच रानात सोडिले, एकदा नव्हे, दहादा सोडिले, आणि चिमाई दहाही वेळा काट्यांनी ओरबाडून, पण हसत घरी आली. तेव्हाची माणसे बोलत कमी आणि करीत फार.

मग तुळाजीची काठी दरबारात आणोन ठेविली, आणि हक्क सांगावयास दोघे उभे राहिले, एक तुळाजीचा पुतण्या रवळोजी आणि दुसरी चिमाई. काठी रवळोजीस गेली तर चिमाईने जन्मभर घाटाकडे पाहात धान्य पाखडावे, एवढेच काय ते उरत होते, आणि तिने तर मनाशी गाठ मारिली होती की काठी घेतल्यावाचून दरबाराबाहेर पाऊल टाकणे नाही.

त्या दरबारी दिनकरशास्त्री म्हणोन विद्वान होते. त्यांनी बंदरावरून टोपीकरांचे नवे शास्त्र आणिले होते. ते उठोन बोलिले, "महाराज, आदिकाळी मनुष्य रानात राहात होता. पुरुष शिकारीमागे दहा कोस जाई, म्हणोन त्यास दिशा कळे. स्त्री गुहेजवळ कंद उकरी, म्हणोन तीस जवळची वस्तू दिसे. तेच रक्तात उतरत आले. आजही पुरुषास पुढ्यातला मिठाचा डबा दिसत नाही, आणि बायकोस वेशीबाहेर गेली की पूर्व-पश्चिम कळत नाही. सबब काठी रवळोजीस द्यावी."

हे ऐकोन चिमाईचा नवरा सुभानजी मागून पुटपुटला, "मिठाच्या डब्याचे मात्र खरे हो."

चिमाई म्हणाली, "तुम्ही गप्प बसा. शास्त्रीबोवा, राजवाड्यातल्या मुदपाकखान्यात चाळीस वर्षे बाळंभट आचारी आहेत. त्यांस मीठ सापडते ते कोणत्या रक्ताने?" तेव्हा सारा दरबार हसला, आणि पडद्याआडून महाराजांच्या आईसाहेबही हसल्या. शास्त्रीबोवा लाल झाले आणि म्हणाले, "परीक्षा घ्या." मग त्यांनीच गावातले सहा मुलगे आणि सहा मुली निवडून टेकडीपलीकडे सोडिली. मुलगे दुपारपर्यंत घरी आले, आणि मुली ओढ्याकाठी रडत बसलेल्या सापडल्या. शास्त्रीबोवा मिशीवर हात फिरवू लागले. चिमाई त्या मुलींपाशी जाऊन बसली आणि एकेकीस विचारू लागली, "बाळे, विहिरीच्या पलीकडे कधी गेली होतीस गं?" मुली म्हणाल्या, "आई जाऊ देत नाही." मुलग्यांस विचारिले, तर ते रोज त्याच टेकडीवर बोरे खावयास जात होते. हे तिने दरबारात सांगितले आणि म्हटले, "आता बकऱ्या राखणारी पोरे घ्या, मुलगे आणि मुली दोन्ही." मग तैसेही केले. पहिला एक मुलगा आला, मागून दोन मुली, मग दोन मुलगे, आणि उरलेली मिळून-मिसळून आली. शास्त्रीबोवांनी बोटांवर मोजून हिशेब केला आणि म्हणाले, "तरी मुलगे किंचित पुढेच आहेत."

ते खोटे नव्हते, हे चिमाईने जाणिले. मग ती म्हणाली, "असेल, शास्त्रीबोवा. आदिरानात मी नव्हते आणि तुम्हीही नव्हता. पण महाराज, काठी काही साऱ्या बायकांच्या हाती द्यावयाची नाही, आणि साऱ्या पुरुषांच्याही नाही. एकाच्या हाती द्यावयाची. तो एक पाहा."

महाराजांस हे मानवले. दुसरे दिवशी सकाळी धुके दाट पाहून दोघांच्या डोळ्यांस फडकी बांधिली आणि घाटात निरनिराळे सोडिले. जो आधी पायथ्याच्या देवळाशी येईल त्याची काठी, ऐसे ठरले. चिमाईने फडके काढिले, दगडावरच्या शेवाळाची बाजू पाहिली, पाण्याचा आवाज ऐकिला, आणि चालू लागली. देऊळ हाकेच्या अंतरावर राहिले, घंटाही ऐकू येऊ लागली. तोच वरून हाक आली, "अक्का! अगं अक्का! पुढे कडा आहे की काय, पाय ठरेना!" तो रवळोजी होता. चिमाई थांबली. काठी समोर होती आणि चुलतभाऊ कड्यावर होता. मग ती मोठ्याने ओरडली, "रवळ्या, हलशील तर थोबाडीत देईन!" आणि उलट वर चढली, त्याचा हात धरून त्यास खाली आणिले, आणि दोघे बरोबरच देवळाशी, हाका ऐकीत बसलेल्या महाराजांपुढे, पोहोचली.

शास्त्रीबोवा तात्काळ म्हणाले, "पाहा महाराज! आदिकाळची स्त्री पोरे सांभाळी, म्हणोन हिचे मन द्रवले."

चिमाई धापा टाकीत होती. ती म्हणाली, "मन द्रवले नाही, शास्त्रीबोवा. वाट चुकलेल्यास आणणे हेच वाटाड्याचे काम आहे." तेव्हा रवळोजी पुढे होऊन म्हणाला, "महाराज, काठी अक्काची." आणि महाराजांनी आपल्या हाताने काठी दिली.

पुढे चिमाईने सव्वीस वर्षे काठी वागविली आणि एकही स्वारी दरीत घातली नाही. रवळोजी तिच्या मागे दुसरा वाटाड्या म्हणोन चालला आणि पायथ्याच्या गावी सुखाने वारला. शास्त्रीबोवांनी मोठा ग्रंथ लिहिला, त्यात ती परीक्षा खरी तैसी लिहिली, लपविली नाही, एवढे त्यांचे चांगले. सुभानजीने घर आणि पोरे सांभाळिली. चिमाईने मुलगा आणि मुलगी दोघांस रानात सोडिले. मुलगी आधी आली, पण म्हणाली, "आई, मला रान आवडत नाही, मला लिहिणे शिकव." तीस लिहिणे शिकविले, आणि काठी मुलाने मागितली, त्यास दिली.

तात्पर्य, आदिरानात कोण काय करीत होते ते पाहणारे आता कोणी नाही. आज कोणास काय येते, ते दाराबाहेर सोडल्यावाचून कळत नाही. इति.