सुखदेवभाऊंच्या टाकीतले पाहुणे

रिसोडला आमच्या गल्लीत तुम्ही दुपारचे आलात, तर सुखदेवभाऊंच्या उघड्या दारातून तुम्हाला आधी त्यांची पाठ दिसेल. पाठ म्हणजे नुसती पाठच. डोकं आणि दोन्ही हात जाड गोधडीखाली, आणि गोधडी एका लांबरुंद काचेच्या टाकीवर. सर्दी झालेला माणूस वाफारा घेतो ना, तो अवतार. नवखा माणूस दारातच थबकतो. गल्लीतला माणूस मात्र सरळ पाठीशी बोलायला लागतो. वांग्याचा भाव, लग्नाचं आमंत्रण, नळ केव्हा येणार, सगळं त्या पाठीला सांगायचं. गोधडीतून "बरं" असा आवाज आला, की काम झालं समजायचं.

त्या टाकीत समुद्र आहे. हसू नका. मी शेजारीच पिठाची गिरणी चालवतो, माझी आणि त्यांची भिंत एकच. आमच्या वाशीम जिल्ह्यात समुद्र कुठल्या अंगाला आहे असं विचारलं, तर चार माणसं चार दिशांना हात करतील. अशा ठिकाणी माझ्या भिंतीपलीकडे समुद्र नांदतो, हे मी छाती फुगवून सांगतो. दळण घेऊन कोणी परगावचा आला, की मी त्याला आधी टाकी बघायला पिटाळतो. तोवर त्याचा गहू दळून होतो.

सुखदेवभाऊंचा केनवडच्या रस्त्याला मळा आहे. पालक, मेथी, वांगी आणि कोथिंबीर, म्हणजे आमचा सांबार. विहिरीला गोड पाणी. आता आमच्याकडे कोणाच्या विहिरीला खारं पाणी लागलं, तर तो कपाळाला हात लावून बसतो. हा माणूस मात्र चांगलं गोड पाणी घरी आणतो, यंत्रातून गाळतो, आणि त्यात पाकिटातलं समुद्राचं मीठ कालवून ते खारं करतो. बाजारात भाजीवाल्यांनी त्यांना सोडलं नाही. "सुखदेवभाऊ, मीठ जास्त झालं तं बटाटा टाका." त्यावर हे चिडतील? छे. शांतपणे सांगतात, "बटाट्यानं जमत नाही बावा. पानी वाढवा लागते."

अकोल्याचा एक शोभेचे मासे विकणारा दुकान मोडत होता, त्याच्याकडून भाऊंनी टाकी आणली. सोबत दगड आले. साधे नव्हेत, समुद्रात कितीतरी महिने मुरवलेले, भोकाभोकांचे दगड. टाकीत मासे आहेत, जिवंत पोवळी आहेत, पण खरी गंमत त्या दगडांत आहे. कारण त्या भोकांमधून अधूनमधून असं काहीतरी बाहेर येतं, जे कोणी विकत घेतलेलं नसतं, मागितलेलं नसतं, आणि ज्याला ओळखणारा माणूस चार जिल्ह्यांत नसतो. दुकानदाराला फोन करावा तर तो म्हणतो, फेकून द्या.

सुखदेवभाऊ फेकत नाहीत. "दारात आलेल्याले कोनी फेकते काय?" आमच्याकडे अनोळखी माणूस दारात आला, की आधी पाण्याचा तांब्या, मग चौकशी. कोण, कोणत्या गावचा, खातो-पितो काय, मुक्काम किती. भाऊंनी हाच रिवाज टाकीला लावला. नवा जीव दिसला, की त्याला पेल्यात धरायचं आणि लोणच्याच्या काचेच्या बरणीत उतरवायचं. या बरणीला ते जानोसा म्हणतात, लग्नात वऱ्हाड उतरवतात तो. बरणीत खारं पाणी, एक खडा, वाळलेल्या माशाची चिमूटभर पूड. मग समोर स्टूल टाकून चौकशी सुरू. "हं, कोन्या गावचे? खाता काय? राह्यनार किती दिवस?" उत्तर येईपर्यंत, म्हणजे पाहुणा काय खातो आणि केव्हा हिंडतो ते दिसेपर्यंत, स्टूल हलत नाही.

एकदा जानोशात चक्क गोम उतरलेली मी पाहिली. अंगभर पांढरे केस, सरसर चाललेली. मी चप्पल काढली. भाऊंनी माझा हात धरला. "प्रल्हाद, थांब. हे समुद्रातली अळी हाय. झाडूवाली. घान खाते, दुसऱ्याले हात लावत नाही. फक्त आपन तिले हात लावाचा नाही, केसं टोचतात." हे शेवटचं त्यांना कसं कळलं, ते त्यांच्या सुजलेल्या बोटावरून मला कळलं. अळीला मानाने टाकीत परत सोडण्यात आलं. काळ्या नखांचा एक केसाळ खेकडा मात्र रात्रीतून पोवळ्याचे लचके तोडताना सापडला, तो जन्माचा जानोशात राहिला. पण उपाशी नाही. जेवण सर्वांच्या आधी त्याला.

आता त्यांचं सगळंच बरोबर येतं असं समजू नका. एके दिवशी दगडावर एक फूल उमललं. बदामी रंगाचं, पाण्यात डुलणारं. भाऊ इतके हरखले की त्यांनी गल्लीत पेढे वाटले. हळदकुंकवाला निघालेल्या बायका वाटेत ते फूल पाहून गेल्या. महिनाभरात फुलाची चार फुलं झाली, मग टाकीभर झाली, आणि शेजारची पोवळी डंख लागून मरायला लागली. भाऊंनी एक उपटलं, तर तुटलेल्या तुकड्यांतून आणखी उगवली. त्या दिवशी ते गिरणीत येऊन पोत्यावर बसले. "हराळी हाय रे ते. अस्सल हराळी. जल्म गेला निंदन करन्यात, अन् तनाले पेढे वाटले म्या." मग स्वतःच इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. आता ते दर रविवारी टाकीचं निंदण करतात, पिचकारीनं एकेका फुलात लिंबाचा रस सोडून. गल्लीत त्याला निंदणवार म्हणतात.

या माणसात एकच खोट. तोंडात "नाही" हा शब्द नाही. कोणी काही म्हटलं, की "बरं." जुडी फुकट मागितली, बरं. बांधावरून गाडी घालतो, बरं. त्यांची बायको, आमच्या वहिनी, होत्या तोवर नकार द्यायचं खातं त्यांच्याकडे होतं. त्या गेल्या, आणि भाऊंच्या घरात नाही म्हणणारं कोणी उरलं नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी मंदा. आसेगावाकडे दिलेली. लग्नाआधी ती दळणाचा डबा घेऊन आली की गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून गप्पा मारायची. लग्नानंतर तिचे फोन यायचे, पण कोणीतरी जवळ उभं असल्यासारखे. बरी आहे, जेवली, ठेवते. गेल्या दिवाळीला माहेरपणाला आली ती परत गेलीच नाही. वाळून काडी झालेली. आवाज असा, की गिरणी बंद असली तरी ऐकू येऊ नये.

आणि गंमत बघा. जो माणूस खेकड्याला गाव विचारतो, त्याने पोरीला एक प्रश्न विचारला नाही. का आली, किती दिवस, काही नाही. गल्लीच्या पोटात मात्र दुखत होतं. गिरणीत बाया मला विचारायच्या, काय हो, पोरगी गेली नाही अजून? मी म्हणायचो, तुमचं जाडं दळू की बारीक?

त्याच सुमाराला त्यांच्या बैठकीत टक् टक् सुरू झालं. बोटं मोडल्यासारखा, पण चांगला खणखणीत आवाज. सगळ्यांना वाटलं पाल. आमच्याकडे कोणी बोलत असताना पाल चुकचुकली, की बोललेलं सत्य ठरतं. लोक बोटाने तीनदा टकटक करतात, कृष्ण कृष्ण म्हणतात. त्या खोलीत बसलेल्या माणसांची बोटं दुखायला लागली. भाऊंना मात्र शंका. भिंतीवर पाल दिसत नव्हती, आणि टाकीत हात घातला की आवाज हमखास यायचा. त्यांनी फोनला बोलून विचारलं, "पान्यात टक टक कोन करते?" फोनने नळ दुरुस्त करणारा दाखवला. दगडाआड मिशा हललेल्या दिसल्या, म्हणून मग विचारलं, "झिंगा टक टक काहून करते?" तर झिंगा मसाला कसा करावा ते आलं. भाऊंच्या गळ्यात माळ नसली तरी ते पक्के शाकाहारी. त्यांनी फोन पालथा ठेवला आणि काचेवर उजेड चमकू नये म्हणून गोधडी डोक्यावर घेऊन टाकीत डोळे लावले.

तेवढ्यात निरोप आला. जावई आणि त्यांचे मामा बोलणी करायला येणार, मंदाला घेऊनच जाणार.

आदल्या दिवशी मंदा डबा घेऊन गिरणीत आली. दळण झालं तरी हलेना. म्हणाली, "काका, उद्या तुमी येऊन बसा. बाबा 'बरं' म्हनतील हो." मी म्हटलं, असं कसं म्हणतील? पण खरं सांगतो, मलाही तीच भीती होती. त्या माणसाने आयुष्यात दुसरं काही म्हटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ धावत गिरणीत आले. मला वाटलं पाहुणे आले. तर हे म्हणतात, "सापडला. झिंगाच हाय. बोटाएवढा. एक नांगी अशी मोठी, पक्कडीसारखी. थे मिटली का आवाज होते." आणि लहान पोरासारखे पंजा उघडमीट करून दाखवत राहिले. मी कपाळाला हात लावला. पोरीचा निकाल आज, आणि बापाला झिंग्याचा आनंद.

अकरा वाजता पाहुणे आले. जावई खाली मान घालून फोन चाळत बसले. मामा बोलायला पटाईत. भाऊ स्टुलावर, टाकीला पाठ लावून. मी दाराशी. मंदा आत, चहा ठेवत होती, पण कपबशीचा आवाज येत नव्हता. मामांनी पाऊसपाणी केलं, मग मुद्द्यावर आले.

"भाऊ, भांड्याले भांडं लागतेच. त्याचं काय मनावर घ्याचं? पोरगी आमच्या घरी सुखात राहीन, हा माहा शब्द हाय."

टक्.

मामांनी खुर्चीच्या हातावर तीनदा बोट वाजवलं. "कृष्ण कृष्ण. पाहा, पाल बोलली. सत्य हाय म्हनते." माझंही बोट सवयीने दाराच्या चौकटीवर वाजलं होतं. मामांनी पाय लांब केले. आता उरलं होतं फक्त भाऊंचं "बरं".

भाऊ उठले. "पाल नाही थे."

"मंग?"

"झिंगा हाय. टाकीतला. आजच सकाळी ओळखला म्या." आणि त्यांनी सुरू केलं. नांगी कशी, मिटते कशी, पाणी कसं फुटतं. जावयांनी पहिल्यांदा फोनमधून मान वर केली. मामा म्हणाले, "असू द्या ना भाऊ, झिंगा तं झिंगा."

"असू कसं द्याचं? तुमी त्याले साक्षीदार करून राह्यले. तो सत्य सांगाले नाही वाजवत. तो बिळात राह्यते. बिळापाशी कोनी आला, आतल्याले भेव वाटलं, तवा वाजवते. मांगं सर म्हनते, इतकंच." भाऊंनी दोन्ही हात मागे टाकीच्या काचेवर टेकले. "तुमी आले तवापासून वाजून राह्यला तो. माही पोरगी तुमच्या संगं येत नाही."

मामांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय म्हनता?"

"नाही म्हनतो."

आतून मंदा चहा घेऊन आली. आमच्याकडे अशा बैठकीत पोरगी चहा ठेवून आत जाते. ती ट्रे ठेवून बापाच्या स्टुलावर बसली, सगळ्यांच्या समोर. नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "चहा घ्या. मंग निंगा." इतका खणखणीत आवाज मी तिचा वर्षभरात ऐकला नव्हता. मामा पुष्कळ बोलले, समाज काढला, अब्रू काढली. चहा मात्र दोघांनी संपवला, आणि गेले.

मला सांगा, अभिमान वाटू नये तर काय वाटावं? मी भाऊंच्या पाठीवर थाप मारली, तर तो माणूस खाली बसून मलाच विचारतो, "जास्त बोललो का रे?"

मी काही म्हणायच्या आत मंदाने विचारलं, "बाबा, तुमी मले एकदाबी काहून नाही विचारलं? मी काहून आली थे?"

भाऊ म्हणाले, "तुही माय असती तं तिनं विचारलं असतं. मले भेव वाटे. तू सांगतलं, अन् माह्याच्यानं आयकवलं नाही तं? तुही माय गेल्यावर घर लय चूप झालं व्हतं, मंदे. रातची शांतता खाले उठे. म्हनून हे टाकी आनली. काही तरी वाजत राह्यलं पाह्यजे म्हनून."

मंदा काहीतरी बोलली. टाकीच्या पंपाची घरघर चालू होती, शब्द कोणालाच नीट लागले नाहीत. भाऊ उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी पंपाचं बटण बंद केलं. तो पंप बंद झालेला मी कधी ऐकला नव्हता. मग ते पोरीसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. म्हणाले, "हं. सांग आता."

मी उठून बाहेर आलो. गिरणीपुढे माणसं डबे घेऊन खोळंबली होती. माझी गिरणी सुरू झाली की त्यांची भिंत हादरते. मी सांगितलं, लाइट नाही. समोरच्या दुकानात पंखा गरगर फिरत होता, तो सगळ्यांना दिसत होता. तरी सगळे आपापल्या डब्यांवर बसून राहिले.