ओकाईली मावशींची अर्थव्यवस्थेत भरती

टेशी गावच्या चौकात ओकाईली मावशी बावीस वर्षं केन्के विकत होत्या. आंबवलेलं मक्याचं पीठ कणसाच्या सालींत गुंडाळून उकडलेलं, सोबत तळलेला मासा आणि झणझणीत ठेचा. निम्मी टेशी त्यांच्या टेबलाभोवती जेवायची. आमचं कार्यालयही. मात्र शासकीय नोंदींनुसार त्या जागी कोणताही आर्थिक व्यवहार आढळत नव्हता.

आमचं कार्यालय म्हणजे अनौपचारिक व्यवसाय औपचारिकीकरण कक्ष. मी तिथला कनिष्ठ लिपिक. वर्ष संपत आलं तरी कक्षाच्या हातून एकही व्यवसाय औपचारिक झालेला नव्हता. राजधानी अक्राहून खुलाशाची मागणी आली, तेव्हा प्रमुख ब्लांक्सनसाहेब केन्केच खात होते. त्यांनी बोटं चाटली आणि मला घेऊन थेट चौक गाठला.

"मावशी, तुम्ही अर्थव्यवस्थेच्या बाहेर आहात."

"बाहेरच बसते मी. आत उकडतं फार."

"तुम्हाला आत घ्यायचंय."

"काय मिळेल?"

"प्रमाणपत्र."

मावशी हसल्या. पण लेकीच्या शाळेत पालकाच्या व्यवसायाचा दाखला मागत होते, म्हणून अंगठा उठवायला तयार झाल्या.

नोंदणीसाठी पक्का पत्ता हवा होता. टेबलाला पत्ता नसतो. मावशींनी सोन्याचे डूल विकून पत्र्याची टपरी उभारली. मी तिच्यावर क्रमांक रंगवला, साहेबांनी फीत कापली.

पुढची अट प्रशिक्षण विभागाची. उद्योजकता म्हणजे काय, हे समुद्रकाठच्या हॉटेलात पाच दिवस शिकवण्यात आलं. शिकवणाऱ्या सल्लागारांनी आयुष्यात काही विकलेलं नव्हतं. "तुमचा ग्राहक कोण?" असं त्यांनी विचारलं.

"ज्याला भूक लागते तो," मावशी म्हणाल्या.

उत्तर चुकीचं ठरलं. ते पाच दिवस चौकातले लोक बिस्किटांवर राहिले.

मावशी परतल्या तेव्हा टपरी नव्हती. आंतरविभागीय समन्वय म्हणून आम्ही नवा पत्ता रस्ते विभागाला कळवला होता. टेबल हलवता येतं, म्हणून बावीस वर्षं त्यांची हरकत नव्हती. पक्कं बांधकाम मात्र अतिक्रमण ठरलं. पत्रे जप्त झाले, पातेलीसुद्धा.

मावशी कक्षात आल्या. साहेबांनी उभं राहून प्रमाणपत्र दिलं.

"हे कशात उकडू, साहेब?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाचणी शोधायला खाली वाकलो, आणि त्या जाईपर्यंत मला ती सापडली नाही.

तीन आठवड्यांनी बसथांब्यामागे वाफ दिसली. उसन्या पातेल्यापाशी मावशी बसल्या होत्या. कान मोकळे होते. सवयीने मी वही काढली.

"लिहू नकोस रे बाबा," त्या म्हणाल्या. "जेव."

मी जेवलो. मग कार्यालयात जाऊन अहवाल लिहिला: एक व्यवसाय औपचारिक, एक महिला प्रशिक्षित, एक अतिक्रमण दूर. तिन्ही विभागांची उद्दिष्टं पूर्ण झाली. हॉटेलचा, सल्लागारांचा, पाडकामाचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नात जमा होऊन टेशीचा विकासदर वाढला.

ती बातमी वर्तमानपत्रात आली होती, आतल्या पानावर. तुमच्याही नजरेखालून गेली असेल. मथळा वाचून तुम्ही म्हणाला असाल, "चला, कुठेतरी काहीतरी चांगलं चाललंय!" आणि पान उलटलं असेल. त्याच समाधानासाठी तर आम्ही एवढी मेहनत घेतो.