भिगवणच्या बाजारातला सीन

आमच्या डाळजच्या तात्यांबरोबर खुनाचा पिक्चर बघायला बसू नये. दहाव्या मिनिटाला ते खुनी सांगून टाकतात. "ह्योच हाय. चष्मेवाला." पुढं चष्मेवाल्याचाच मुडदा पडला तरी माणूस वरमत नाही. "मग त्याचा भाऊ आसंल." सिनेमात भाऊच नसला, की लिहिणाऱ्याची अक्कल काढतात. जन्मभर टोमॅटो पिकवले. माल असो की माणूस, नासका रंगावरून कळतो, हा त्यांचा दावा. माझ्या मेव्हण्याला त्यांनी बघण्याच्या दिवशीच नासका ठरवलं होतं. बारा वर्षं झाली, बिचारा अजून टिकून आहे.

एका पिक्चरचं नाव काढलं की मात्र तात्या उठून गोठ्याकडं जायचे. वीसेक वर्षांपूर्वी त्याचं शूटिंग भिगवणच्या बाजारात झालं होतं. खुनी पळत येणार, भाजीचे क्रेट उलटणार, बाया ओरडत पळणार, असं सगळ्यांना समजावलं होतं. सगळ्या पळाल्या. तात्यांची मंडळी, आमच्या काकू, खाली बसून टोमॅटो वेचायला लागल्या. चांगला माल पायदळी गेलेला बघवेना त्यांना. तात्यांना इतकी लाज वाटली की आठ दिवस घरात बोलले नाहीत. पिक्चर बारामतीला लागला आणि चार दिवसांत उतरला. काकू म्हणत राहिल्या, "एकदा बघू की वो." तात्यांचं उत्तर ठरलेलं. "काय बघायचंय? कापली आसंल तुला."

मागच्या वर्षी काकू गेल्या, पिक्चर न बघताच.

परवा दुपारी तात्या स्वतःहून आले. "त्यो पिक्चर फोनवर गावतो का रं? हिचा एक फोटो धड न्हाय घरात. त्यात आसली तर बघावी म्हणलं."

पुष्कळ शोधल्यावर सापडला. कुणी बघितलेला दिसत नव्हता. आम्ही पडवीत बसलो. यातही एक चष्मेवाला दोनदा येऊन गेला, तरी तात्यांनी खुनी सांगितला नाही.

बाजार आला. खुनी धावला, क्रेट उलटले, बाया पळाल्या आणि मधोमध काकू दिसल्या, पदरात टोमॅटो गोळा करताना. वेचता वेचता त्यांनी मान वर केली आणि बाजूला कुणाकडं तरी बघून हसल्या. शाबासकी मागितल्यासारख्या.

"कुणाकडं बघतायत?" मी विचारलं.

"माझ्याकडं. मी कॅमेऱ्याशेजारीच हुतो."

तात्यांनी बोटानं सीन मागं घेतला. परत बघितला. परत मागं घेतला.

"पण ही हसल्याली मी आज बघतोय," ते म्हणाले. "तवा लाजंनं मी पाठ फिरवली हुती."