इंगळेबाबू आणि शाकाहारी पाणमांजर

इंगळेबाबू पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून बसले. चहाही तसाच प्यायले. बाळांनो, तुमच्या आजोबांना वाटलं, या माणसाचं आपल्याशी काही बिनसलंय. तुमची आई तेव्हा सात वर्षांची. तिनं सरळ विचारलं, "काका, तुम्हाला शिक्षा झालीये का?"

"मले नाई, त्याले झाली," म्हणत त्यांनी खांद्यावरून मागे अंगठा दाखवला. तिथे आमच्या पोपटाचा पिंजरा टांगलेला होता. "ज्याले आपल्याकडं पाठ फिरवून जाता येत नाई, त्याच्याकडं आपण पाह्यचं नाई. त्याची मंजुरी नाई ना!"

केनवडच्या शाळेत ते कारकून होते, मी इंग्रजी शिकवायची. मूळचे रिठदचे. आई गेल्यावर एकटेच राहत. बहात्तरच्या दुष्काळानंतर नदीला पुन्हा पाणी आलं, तसे ते रविवारी आम्हाला पैनगंगेवर नेऊ लागले. बाभळीमागे बसायचं, बोलायचं नाही. "बगळा चरू लागला का समजा मंजुरी. मान वर केली, तर अर्ज विचाराधीन. उडाला का नामंजूर, चाला घरी."

एकदा तुमचे आजोबा शिंकले आणि सगळा थवा उडाला. इंगळेबाबू धोतर झटकत उठले. "साहेब, तुमी तर फाईलच फाडली." डबे न उघडता आम्ही दोन कोस परत चालत आलो.

गावात कापडाचं दुकान असलेले एक जैन सेठजी होते. फार दयाळू माणूस. भोयांच्या जाळ्यात पाणमांजराचं पिल्लू अडकलं, ते त्यांनी सोडवून आणलं आणि बागेतल्या हौदात ठेवलं. त्याला दूध-पोळी मिळे, सणाला पेढा. सेठजींनी टाळी वाजवली की ते मागच्या पायांवर उभं राही. बघायला आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्या येऊ लागल्या.

"बाई, संगतीचा असर पाहा," सेठजी मला म्हणाले. "यानं मांस सोडलं! तीन महिन्यांत मासोळीचं नाव नाही. आणि तब्येत कशी टुणटुणीत!"

इंगळेबाबू शेजारी हौदाकडे पाठ करून उभे होते. ते नुसतेच खोकले.

त्याच सुमारास शाळेच्या हजेरीपत्रकाला मासळीचा वास येऊ लागला. हेडमास्तरांनी दोनदा कपाटं धुऊन घेतली. मला शिस्तीची खोड. मी वासाचा माग काढला, तो इंगळेबाबूंच्या पिशवीशी जाऊन थांबला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी सेठजींच्या बागेपाशी गेले. इंगळेबाबू कुंपणाच्या फटीतून आत शिरले होते आणि हौदाकडे पाठ करून खांद्यावरून मागे मासोळ्या फेकत होते. मागे धपाधप पाणी उडत होतं. एक मासोळी नेम चुकून सेठाणीबाईंच्या तुळशीवर पडलेली.

"बाबू!"

ते दचकले. "मी पाह्यलं नाई हो बाई, त्याले. नुसतं जेवण टाकून राह्यलो. पोळीवर मरन ते."

"आणि तुमच्या मासोळ्यांवर ते जन्मभर या हौदात राहील," मी म्हणाले. "सेठजींना वाटतंय, ते सुखात आहे. तसं त्यांना कोण वाटायला लावतंय?"

त्यांनी रिकामी पिशवी उलटी केली, सुलटी केली. हौदातून एक बारीक शीळ आली. "माझ्या पायाचा आवाज ओळखते," ते म्हणाले. "सकाळी सकाळी कोणी वाट पाहून राह्यलं असलं का बरं वाटते, बाई." मग पिशवीची घडी घालत म्हणाले, "म्हणजे त्याचा जेलर मीच झालो."

त्याच दुपारी ते दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर सगळं कबूल केलं. सेठजींच्या हातातला कापड मोजायचा गज खाली पडला.

"माझ्या हौदात? तीन महिने? काहून केलं हे, बाबू?"

"तुमी त्याचा जीव वाचवला, सेठजी, हे खरंच हाये. पण वाचवलेला जीव त्याचा त्याले द्या ना."

"निघा इथून!"

सेठजींनी कुंपणाची फट बुजवली आणि हौदाशी स्वतः बसले. पहिल्या दिवशी पोळी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी पेढाही. टाळी वाजवली तर ते उभं राहिना. इंगळेबाबू शाळेत बेरजा चुकत होते आणि दर तासाला विचारत होते, "बाई, काही समजलं?"

तिसऱ्या दिवशी सेठजी शाळेच्या कचेरीच्या दारात आले. डोळे तांबारलेले. "बाबू, ते खाऊन नाही राह्यलं. चाला, गाडी जुंपली."

मीही सोबत गेले. नदीवर टोपलं ठेवलं, तेव्हा इंगळेबाबू बाभळीकडे तोंड करून उभे राहिले. "अजून टोपल्यात हाये ते," मला म्हणाले. सेठजींनी हात जोडले, झाकण काढलं. एक तपकिरी रेघ चिखलावरून गेली आणि पाण्यात नाहीशी झाली. इंगळेबाबू गर्रकन वळले. पाण्यावर नुसती वर्तुळं होती.

पलीकडच्या खडकांतून दोन-तीनदा शीळ ऐकू आली. पाण्यातून एक उत्तर गेलं.

"आता ते मासोळ्या खाईन," सेठजी पुटपुटले.

"हो, सेठजी."

"मग चाला लवकर. मले पाह्यचं नाही."

गाडीमागून आम्ही दोघं चालत निघालो. बरंच अंतर गेल्यावर इंगळेबाबूंनी हळूच विचारलं, "बाई, दिसायले कसं होतं हो?"

तीन महिने रोज सकाळी जाणाऱ्या माणसानं ते एकदाही पाहिलं नव्हतं. मी सांगू लागले. चपटं डोकं, मिशांवर थेंब, हनुवटीखाली फिकट.

"कान?"

"एवढेसे."

"सावकाश सांगा, बाई," ते म्हणाले. "घर दूर हाये."