अठ्ठ्याण्णव टक्के ओल

काही माणसं जन्मतःच बुद्धिमान असतात आणि विनयापोटी ते लपवतात. मी तो प्रयत्न केव्हाच सोडून दिला. नव्या काँक्रीटच्या पोटात दडलेली ओल हुडकून काढणारा आमच्या भागातला एकमेव गुप्तहेर म्हणजे मी. घरचे मला नुसतंच 'ओल मोजणारा' म्हणतात. घरच्यांचं मी मनावर घेत नाही.

ही केस माझ्या थोरल्या बहिणीची. ताईने नाचाच्या वर्गासाठी दुसऱ्या मजल्यावर नवी खोली बांधून घेतली होती. लाकडी फळ्या येऊन भिंतीला टेकल्या होत्या आणि पहिला वर्ग पंधरा दिवसांवर आला होता. काँक्रीट ओलं असताना वर लाकूड बसवलं, की ते फुगतं आणि सगळी जमीन वाकडी होते.

"तू हो म्हटल्याशिवाय सुतार फळीला हात लावणार नाही," ताई म्हणाली. "आणि वर्ग लांबला तर मुली दुसरीकडे जातील रे. वीस वर्षं या खोलीची वाट पाहिलीय मी."

"ताई, मी आहे ना!"

"त्याचीच तर धास्ती आहे."

माझी पद्धत चोख. काँक्रीटमध्ये भोक पाडायचं, आतली धूळ कणभरही ठेवायची नाही, नळी बसवून झाकण लावायचं आणि तीन दिवसांनी यंत्र आत सोडायचं. आकडा पंचाहत्तरच्या खाली हवा. आला अठ्ठ्याण्णव. काँक्रीट तर सहा महिन्यांचं! मी भिंग बाहेर काढलं.

पहिला संशय जमिनीखालच्या गुप्त झऱ्यावर गेला. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, ही बारीक अडचण ताईने दाखवून दिली. दुसरा संशय खालच्या न्हाव्यावर. त्याच्या गरम पाण्याची वाफ वर चढत असणार. मी दुकानात पाळत ठेवायला गेलो आणि गुळगुळीत दाढी करून परत आलो. तो सगळं गार पाण्यानेच करतो. दुसरं भोक पाडलं, तीन दिवस थांबलो. पुन्हा अठ्ठ्याण्णव.

ताई फळ्यांवर बसून राहिली होती. तिने त्या दिवशी मला एकही टोमणा मारला नाही. मला फार वाईट वाटलं.

उरला गवंडी. मी त्याला बोलावून घेतलं आणि डोळ्यांत डोळे घालून म्हणालो, "काका, माल कालवताना पाणी किती ओतलंत? खरं सांगा."

"चाळीस वर्षं हेच करतोय मी," गवंडी शांतपणे म्हणाला. "माझ्या कामाला ओल? पाडा भोक माझ्यासमोर. मी इथून हलत नाही."

मी तिसरं भोक पाडलं आणि नेहमीच्या सफाईने पिशवीतून पिचकारी काढली.

"साहेब, हे काय करताय?"

"धूळ धुतोय. पुरावा स्वच्छ लागतो."

"पाण्याने?"

"मग काय दुधाने?"

गवंडी माझ्याकडे बघत राहिला, मग ताईकडे. "म्हणजे आधी पाणी घालायचं, आणि मग ओल आहे का ते बघायचं?"

पिचकारीचं टोक नव्या काँक्रीटवर ठिबकत राहिलं.

ताईने पिचकारी खिडकीतून खाली टाकली. चौथ्या भोकातली धूळ गवंडीकाकांनी कोरड्या ब्रशने काढली, झाकण मी लावलं. तीन दिवसांनी आकडा आला एकाहत्तर. ताई माझ्या गळ्यात पडून रडली, मग त्याच हाताने तिने पाठीत एक धपाटा घातला. सुतार त्याच दुपारी कामाला लागला.

वर्गाच्या पहिल्या दिवशी, वीस जोड्या पाय नव्या जमिनीवर दणादण आपटत असताना, मी ताईला माझा लेखी अहवाल दिला. 'गुन्हेगार' हा रकाना मी सोयीस्करपणे कोरा ठेवला होता. ताईने पेन मागितलं. अगदी खाली, 'गुप्तहेर' या शब्दापुढे माझी झोकदार सही होती. तिथून तिने एक लांबलचक बाण काढला आणि थेट त्या कोऱ्या रकान्यात नेऊन पोचवला.