शुक्रवारचा मासा

"येत्या शुक्रवारी मासा लागणार. लागणार म्हणजे लागणारच, लिहून ठेव," असं बगळ्यानं बायकोला सांगितलं, तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि तिनं मान वर करण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

तिचं काही चुकत नव्हतं. गेले आठ महिने हा गृहस्थ दर रविवारी पहाटे उठून गावाबाहेरच्या तलावावर जायचा, काठावर गळ टाकून दुपारपर्यंत बसायचा आणि हात हलवत परत यायचा. एवढ्या काळात त्याच्या गळाला तीन गोष्टी लागल्या होत्या. डाव्या पायाची एक चप्पल, सायकलच्या सीटचं कव्हर आणि एकदा त्याची स्वतःचीच टोपी, तीही डोक्यावर असताना. उंच, किडकिडीत, मान पुढे काढून पाण्याकडे बघत बसणारा, म्हणून ऑफिसातले लोक त्याला बगळा म्हणायचे. नाव इतकं रुळलं होतं की मोठ्या साहेबांना ते आडनावच वाटायचं, आणि ते त्याला आदरानं 'बगळे' म्हणायचे. खरा बगळा इतके दिवस उपाशी राहिला असता तर केव्हाच मेला असता, ही गोष्ट अलाहिदा.

"रविवारी जाताच की," बायको म्हणाली. "शुक्रवारी काय वेगळं पाणी असतं?"

"पाणी तेच. मासे वेगळे. म्हणजे मासेही तेच, पण रविवारी ते सावध असतात. काठावर ही गर्दी, पोरं दगड मारतात, जो तो गळ टाकून बसलेला. माशालाही कळतं आज सुट्टी आहे ते. कामाच्या दिवशी तो बेसावध असतो."

"आणि कामाच्या दिवशी तुम्हाला काम नसतं?"

इथंच तर घोडं पेंड खात होतं. बगळा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या फोनवर बसायचा. दिवसभरात शंभर माणसं नळाला पाणी नाही म्हणून त्याच्या कानाशी ओरडायची आणि तो प्रत्येकाला मधाळ आवाजात सांगायचा, "व्हॉल्व्ह सोडलाय, अर्ध्या तासात येईल." त्या आवाजावर अख्खी कचेरी सुखात होती. रजा मागितली तेव्हा साहेबांनी साफ नकार दिला. म्हणाले, "तुम्ही नसलात तर लोक मला फोन करतील, बगळे."

पोटदुखी दोनदा वापरून झाली होती. तापाला डॉक्टरची चिठ्ठी लागते. शेवटी बगळ्याला सुचलं, आवाज बसला म्हणावं. आवाज नसलेला माणूस फोनवर बसवून काय उपयोग?

बायको तयार झाली, पण अट घालून. "एकदाच खोटं बोलेन. आणि या वेळीही मासा आला नाही, तर ती गळाची काठी माझ्या टोमॅटोच्या रोपाला. परत मागायची नाही."

शुक्रवारी सकाळी तिनं साहेबांना फोन लावला. यांचा आवाज पार बसलाय, ती म्हणाली.

"अरेरे. द्या जरा त्यांना फोन," साहेब म्हणाले.

"अहो साहेब, आवाज नाही तर फोन देऊन काय करू?"

साहेबांनाही ते पटलं. आणि बगळा? तो केव्हाच तलावावर पोचला होता.

तिथल्या पंपघराचा म्हातारा रखवालदार त्याच्या ओळखीचा. दोघं दगडी पायऱ्यांच्या वर बसले आणि बगळ्यानं बेसावध माशांचा सिद्धांत त्याला सविस्तर समजावला. रखवालदारानं दोनदा जांभई दिली. पाण्यावर गळाचं लाल बूच कसं डुलतंय ते बघत दहा वाजले, अकरा वाजले. मासे इतके बेसावध होते की गळाकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

तिकडे कचेरीत मात्र तक्रारींचा फोन कुणी उचलत नव्हता. लोकांनी शोधून शोधून साहेबांचा नंबर मिळवला. अकरापर्यंत साहेबांनी चाळीस शिव्या खाल्ल्या आणि मग, तलावात पाणी किती आहे ते स्वतः बघून येतो, असं सांगून ते गाडीत बसून पळाले.

गाडीचा दरवाजा वाजला म्हणून बगळ्यानं मागं वळून पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"बगळे? तुम्ही इथं?"

बगळ्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यानं गळ्याकडे बोट दाखवलं. मग नाडी बघितल्यासारखं केलं, तलावाकडे हात केला आणि छाती फुगवून श्वास घेतला.

"डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली?"

बगळ्यानं जोरजोरात मान हलवली.

"आणि ही काठी?"

बगळ्यानं खांदे उडवले. हवा खाताना हात रिकामे कशाला ठेवायचे, असा त्याचा अर्थ होता. साहेबांना शंका आली असावी. ते रखवालदाराकडे वळले. "हे कधीपासून बसलेत इथं? काही बोलले का?"

बगळ्यानं साहेबांच्या पाठीमागून दोन्ही हात जोडले. रखवालदारानं एकदा त्याच्याकडे, एकदा साहेबांकडे पाहिलं.

"एक अक्षर नाही, साहेब," तो म्हणाला. "मीच बोलत होतो."

साहेबांच्या खिशातला फोन वाजायला लागला. ते वैतागून कॉल कापतायत, तेवढ्यात पाण्यावरचं लाल बूच गडप झालं.

बगळ्याच्या हातातली काठी कमानीसारखी वाकली. रीळ करकरायला लागलं. आठ महिने ज्या क्षणासाठी तो झुरला होता तो आला होता, आणि त्याला साधं 'अगं आई' म्हणायची सोय नव्हती. तो तोंडाचा चंबू करून, डोळे वटारून, मुकाट्यानं दोरी ओढत राहिला. मासा एकदा उसळला. मांजराएवढा तरी होता.

साहेबांनी ते पाहिलं आणि साहेब साहेब राहिले नाहीत. पॅन्टच्या इस्त्रीची पर्वा न करता त्यांनी बगळ्याशेजारी पडलेलं हातजाळं उचललं आणि पायऱ्या उतरले. "मी धरतो, बगळे. तुम्ही फक्त काठावर आणा. कुठं उभा राहू? इथं?"

ते बगळ्याकडे तोंड करून उलटे उतरत होते. पाण्यालगतच्या शेवटच्या पायरीवर हिरवं शेवाळ होतं. बगळा स्वतः तीनदा तिथं आपटला होता. आता 'साहेब, थांबा' एवढं म्हटलं की काम झालं होतं. पण म्हटलं की नोकरीची पंचाईत. हात काठीत अडकलेले. उरल्या भुवया. त्यानं भुवया ताणल्या, हनुवटी उडवली, डोळे फिरवले.

"अजून मागे?" साहेबांनी विचारलं.

बगळ्यानं जिवाच्या आकांतानं नकारार्थी मान हलवली. पण त्याच वेळी माशानं हिसडा दिला आणि मान वरखाली झाली.

"बरं, मागे," म्हणून साहेबांनी पाऊल टाकलं आणि धप्पकन पाण्यात बसले.

पाणी कमरेएवढंच होतं. साहेब नाकातोंडातलं पाणी थुंकत उभे राहत होते, तोच दोरी ढिली पडली. गळ सुटला होता. मासा साहेबांचे पाय आणि पायरी यांच्या मध्ये अडकून तडफडत होता. अजून एक उडी आणि गेलाच.

"साहेब, पायात! पायात बघा, सोडू नका, दाबा त्याला!"

असा खणखणीत आवाज त्या तलावावर कधी घुमला नव्हता. रोज शंभर तक्रारींना पुरून उरणाऱ्या गळ्याचा आवाज तो. साहेबांनी विचार न करता हुकूम पाळला, वाकले आणि मासा दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला.

मासा शेपटीनं साहेबांच्या हनुवटीवर चापट्या मारत होता तेवढाच काय तो आवाज.

"बगळे," साहेब हळू म्हणाले, "मी पडताना तुम्हाला आवाज नव्हता. मासा सुटताना मात्र आला."

बगळ्यानं काठी खाली ठेवली. "साहेब, मी भुवयांनी सांगितलं होतं," तो म्हणाला.

पंपघराच्या भिंतीआड रखवालदार खोकल्यासारखं करत हसत होता.

साहेब पाण्यात तसेच उभे राहिले. खिशातला फोन बुडाला होता, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तो वाजत नव्हता. त्यामुळे असेल, किंवा मिठीतल्या माशामुळे असेल, त्यांचा राग वर चढता चढता मध्येच थांबला. त्यांनी माशाकडे पाहिलं, मग स्वतःच्या टायकडे, जो गळ्याभोवती गवतासारखा चिकटला होता.

"हे कचेरीत कळलं तर?" ते म्हणाले.

"माझी नोकरी जाईल, साहेब."

"तुमची नोकरी जाईल. माझी अब्रू जाईल." साहेबांनी थोडा विचार केला. "मी पाण्यात पडलो नाही. म्हणजे मी इथं आलो नाही. मग तुम्हीही आला नाहीत. बरोबर?"

"बरोबर, साहेब."

"मग मासाही लागला नाही."

आठ महिन्यांचा उपास सुटला होता, आणि तो सुटला हे कुणाला सांगायचं नव्हतं. ऑफिसात टेबलावर हात पसरून 'एवढा, एवढा' असं दाखवायचं स्वप्न तिथल्या तिथं बुडालं.

"कुणालाच नाही?" त्यानं केविलवाण्या सुरात विचारलं.

"बायकोला मासा दाखवा, पण माझं नाव तिलासुद्धा नाही. शपथ घ्या, मग मासा देतो."

बगळ्यानं शपथ घेतली. साहेबांनी मासा दिला, जरा जड मनानंच.

घरी त्यानं ओट्यावर पिशवी ठेवली. बायकोनं मासा बाहेर काढला, उलटापालटा केला, गलफडं उघडून बघितली आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"खरं सांगा. विकत आणलात ना?"

"गळाला लागला."

"कुणी पाहिलं?"

बगळा रिकाम्या पिशवीची घडी घालू लागला. नाव घ्यावं तर शपथ मोडते. बायकोला हवं ते उत्तर मिळालं.

"काठी वाचवायला माणूस काय काय करतो," ती सुरी शोधत म्हणाली. "पण मासा ताजा आहे हो. असा बाजारात मिळत नाही. कोण मासेवाला हा? ओळख ठेवा त्याच्याशी."

"ओळख आहे," बगळा खुर्चीत बसत म्हणाला. "पण तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून देतो. रोज तयार होईलसं वाटत नाही."